यंत्र वेगवान, कोडे अवघड

‘मामू, दुप्पट वेगाचं यंत्र घेतलं तर बिटकॉइनही दुप्पट मिळतील ना?’ भाच्याने पैसे गुंतवण्याआधी विचारले, हे बरे झाले.

हे कोडे म्हणजे जुळेपर्यंत आकडे टाकत राहणे. २००९ साली ते घरच्या संगणकावर सुटे. मग ग्राफिक्स कार्डे आली. २०१३पासून याच एका कामाची ‘एसिक’ यंत्रे. पण ब्लॉक सरासरी १० मिनिटांनीच निघावा, म्हणून दर २०१६ ब्लॉकनंतर काठिण्य नव्याने ठरते. साऱ्यांचाच वेग वाढला की आपला वाटा तेवढाच. जुन्या यंत्राला तर विजेचे बिलही निघत नाही. २०२१मध्ये चीनने बंदी घातली, तिथली यंत्रे थांबली आणि जुलैत काठिण्य सुमारे २८ टक्क्यांनी उतरले.

भाच्याला म्हटले, आधी युनिटचा दर विचारून ये.