जुनी मोटार, रोजचा वापर (लेखांक ५) : पत्रा, रबर आणि तारा

१९९३ साली बाजारात आलेली आणि २००६ साली उत्पादन थांबलेली मारुती झेन ही, जुनी गाडी घेऊन ती रोज चालवू पाहणाऱ्यांनी आजही विचारात घ्यावी अशी मोटार आहे. तिचे ९९३ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन ॲल्युमिनियमचे असल्याने वजनाला हलके आहे, पाच गिअरांची पेटी आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक अशी तिची रचना आजच्या रहदारीतही अपुरी पडत नाही, आणि हीच गाडी सुझुकी अल्टो या नावाने युरोपात निर्यात होत असे, यावरून तिच्या मूळ घडणीचा दर्जा ध्यानात येतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावयाचे नोंदणीचे नूतनीकरण, त्यासाठीची आरटीओतील तपासणी आणि पर्यावरण कर यांचा विचार मागील लेखांकात झाला आहे. प्रस्तुत लेखांकात गाडीची पारख आणि तिच्यातील माफक सुधारणा हे दोन विषय एकत्र घेतले आहेत, कारण जिथे गाडी म्हातारी झालेली असते तिथेच सुधारणेचा पैसा लागला पाहिजे. सर्वसाधारण ग्राहक किलोमीटरचा आकडा पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि समाधान पावतो. परंतु वेळच्या वेळी तेल बदललेले इंजिन वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते, आणि तेवढ्याच काळात पत्रा, रबर आणि तारा मात्र गाडी उभी असली तरी झिजत राहतात.

यांत पत्र्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. झेनला ट्रकसारखी स्वतंत्र चासी नसून तळ, दारांखालचे पोकळ उंबरे, छताचे खांब आणि पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टोक पेलणारा भाग हे सगळे पातळ पत्र्याचे तुकडे वेल्डिंगने एकमेकांना जोडून जो सांगाडा तयार होतो, तोच गाडीचा संपूर्ण भार वाहतो. या रचनेला मोनोकॉक बांधणी म्हणतात. त्यामुळे अशा गाडीवरचा गंज हा रंगरूपाचा दोष राहत नाही, तो थेट बळकटीचा आणि अपघातातील सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. दुर्दैवाने हा गंज आतून सुरू होतो. उंबऱ्यांच्या पोकळीत शिरलेले पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली बारीक छिद्रे चिखलाने बुजली, की पाणी आतच साचते आणि रंगावर फोड दिसू लागेपर्यंत आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग किंवा गोवा येथील खाऱ्या आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेली गाडी आणि सोलापूर-लातूरकडील कोरड्या हवेतील गाडी यांच्या पत्र्यांत म्हणूनच मोठा फरक आढळतो, आणि गाडी आजवर कोणकोणत्या गावी राहिली हे विचारणे किलोमीटर विचारण्याइतकेच आवश्यक ठरते.

पारख करताना तळाचे मॅटिंग उचलून पाहावे, डिकीतील स्टेपनीचा खळगा, बॅटरीखालची ताटली आणि जॅक लावण्याच्या जागा तपासाव्यात, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावर साधे लोहचुंबक फिरवावे. जिथे ते धरत नाही, तिथे पत्र्याऐवजी जाड लांबी भरलेली आहे असे समजावे. तळाला नीट वेल्डिंग करून लावलेले थिगळ चालू शकते, परंतु सस्पेन्शन पेलणाऱ्या भागाला लावलेले थिगळ स्वीकारू नये. गाडी ताब्यात आल्यावर पहिली सुधारणा म्हणून पोकळ्यांत मेणयुक्त गंजरोधक फवारून घ्यावा. गॅरेजांत सर्रास होणारे काळे अंडरकोटिंग मात्र गंज खरवडून काढल्याशिवाय कधीही करू नये, कारण त्या थराखाली ओल कोंडली जाते आणि गंज नजरेआड वाढत राहतो.

रबराच्या बाबतीत आता इंधनाचीही भर पडली आहे. पंपांवर सर्वत्र मिळू लागलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या प्रकारचे रबरी पाइप, गॅस्केटे आणि इंधन पंपाचे पडदे फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. इंजिनाच्या उष्णतेजवळ पेट्रोल झिरपू लागणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. येथे कार्बोरेटरची झेन आणि नंतरची एमपीएफआय झेन यांत भेद करावा लागतो. कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरावीक छिद्राच्या जेटमधून ठरते, तर एमपीएफआय प्रणालीत प्रत्येक सिलिंडरसाठीचा इंजेक्टर संगणकाच्या आज्ञेने इंधन सोडतो आणि जिथे धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आहे तिथे ते प्रमाण काही मर्यादेत आपोआप सुधारले जाते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण विरळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि परिणामी गाडी थंड असताना अडखळते व चढावर तापते. जाणत्या मेकॅनिककडून जेट आणि ट्यूनिंग जुळवून घेतल्यास हा त्रास बराच कमी होतो. समान आकारमानात इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने ॲव्हरेज थोडे घटणार, हे मात्र गृहीत धरावे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, म्हणून अर्धी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवलेली गाडी रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा अधिक बिघडते. रोजचा वापर हा येथे गाडीच्या हिताचाच आहे.

तेव्हा इंधनाचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणाऱ्या, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी बनवलेल्या प्रतीचे बसवावेत. ब्रेकचे होज, टायमिंग बेल्ट, रेडिएटरचे पाइप आणि लोअर आर्मचे बुश यांचा पूर्वेतिहास माहीत नसेल तर त्यांची परीक्षा करण्यात वेळ न घालवता ते बदलून टाकावेत. ब्रेक ऑइलही ओलावा शोषून निकामी होत असल्याने त्याच वेळी बदलावे. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी न घालता कूलंट वापरावे, कारण ॲल्युमिनियमचे हेड एकदा तापून वाकले की दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

तारांचा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि थोड्या खर्चात सर्वाधिक फायदाही तिथेच होतो. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून दिव्यांपर्यंत जातो. अप्पर लावल्यावर ६० वॉटचे दोन दिवे मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह ओढतात. जुन्या बारीक तारा आणि काळवंडलेले जोड यांत काही दाब खर्ची पडतो आणि दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, तो फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज १० टक्के कमी झाले तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. यावर उपाय म्हणजे रिले, अर्थात मूळ स्विचच्या अल्प प्रवाहाने चालणारा आणि बॅटरीकडून आलेला जाड तारेतील मोठा प्रवाह थेट दिव्याकडे सोडणारा विद्युतचुंबकीय स्विच. फ्यूजसहित बसवलेल्या रिलेमुळे तेच मूळ बल्ब नव्यासारखे प्रकाशतात, स्विच जळत नाही आणि हवे तेव्हा सगळे काढून गाडी पूर्ववत करता येते. याउलट १०० वॉटचे बल्ब लावले की होल्डर वितळतात, आणि मूळ परावर्तकात एलईडी कोंबले की प्रकाशाचा केंद्रबिंदू चुकून समोरच्याचे डोळे दिपतात. घाटरस्त्यावर हा निव्वळ अपराध आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टीही याच वेळी नवी घालावी, कारण तिच्यातील गंजामुळे उद्भवणारे दोष अनेकदा कार्बोरेटरच्या माथी मारले जातात.

टायरांविषयी थोडक्यात सांगायचे तर बाजूवरील चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष दाखवतात, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, आणि नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांपलीकडचा टायर रोजच्या वापराला घेऊ नये. रुंदी वाढवायचीच असेल तर एकूण व्यास मूळचाच राहील असे माप निवडावे. १४५/७० आर १३ ऐवजी १५५/६५ आर १३ घेतल्यास व्यासात दोन मिलिमीटरांहूनही कमी फरक पडतो आणि स्पीडोमीटर खोटे बोलत नाही.

स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणे, सायलेन्सर मोकळा करणे किंवा बॉडीला कापाकाप करणे हे बदल या लेखमालेच्या कक्षेत बसत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई असल्याचे स्पष्ट केले आहे, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघाताच्या दाव्यात ग्राहकाच्याच विरोधात जातो.

खरेदीदाराने टोकनची रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून तळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. विक्रेता त्याला तयार नसेल, किंवा उंबरे आणि सस्पेन्शनचा आधार सडलेला आढळला, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी ती गाडी घेऊ नये.