गच्चीवरचा वारा

घराच्या गच्चीवर एखादी आटोपशीर पवनचक्की बसवावी, वाटेने जाणाऱ्या वाऱ्याकडून ती फुकट फिरवून घ्यावी आणि महिनाअखेर विजेच्या बिलाचा आकडा निम्म्यावर आलेला पाहून समाधान मानावे, ही कल्पना इतकी सुटसुटीत आणि मनोहर आहे की, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत देशोदेशींच्या कितीतरी तरुण अभियंत्यांनी तिच्यापायी बांधलेली नोकरी सोडून स्वतःचे नवोद्योग काढले, आणि त्यांपैकी कित्येकांना थोड्याच मुदतीत ते गुंडाळावेही लागले. त्यांची बुद्धी किंवा मेहनत कमी पडली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांच्या हिशेबात कमी पडला तो वारा.

यंत्र तर काही नवे नव्हते. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी चार्ल्स ब्रश या संशोधकाने 1888 साली आपल्या हवेलीच्या आवारात सुमारे 17 मीटर व्यासाचे पवनचक्र उभारले आणि तळघरात मांडलेल्या विद्युत्घटांच्या बळावर सबंध घर उजळले. पुढे सरकारी योजनेतून विजेच्या तारा पोचेपर्यंत तेथील शेतवाड्यांवर जेकब्स बंधूंच्या कारखान्यातील पवनचक्क्या हजारोंनी फिरत होत्या. परंतु ही सारी चक्रे उघड्यावर, उंच मनोऱ्यांवर उभी होती. शहरातल्या छपरावर चक्की चढविण्याची हौस अलीकडची.

या हौसेला निसर्गाने एक कठोर अट घातली आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि त्याच प्रमाणात घटते. दोन मीटर व्यासाचे चक्र घेतले आणि त्यातून जाणाऱ्या वाऱ्याच्या शक्तीपैकी तीस टक्के त्याच्या हाती लागते असे मानले (कोणत्याही चक्राला 59.3 टक्क्यांहून अधिक शक्ती मिळणेच अशक्य आहे, हे आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच गणिताने दाखवून दिले), तर सेकंदाला 12 मीटर वेगाच्या वाऱ्यात, म्हणजे ज्या वाऱ्यात छत्री सांभाळणे कठीण व्हावे अशा वाऱ्यात, ते जवळजवळ एक किलोवॅट वीज देईल, वेग निम्म्यावर, म्हणजे 6 मीटरवर आला की ती वीज एक-अष्टमांशावर, सुमारे 120 वॅटवर उतरेल, आणि झाडाची पाने नुसती सळसळावीत अशा 3 मीटरच्या झुळुकीत हाती येतील ते अवघे 15 वॅट. विक्रेत्याच्या पत्रकावर मात्र ठळक अक्षरांत ‘एक किलोवॅट’ एवढेच छापलेले असते.

त्यातही गच्चीवरचा वारा म्हणजे निखळ वारा नव्हेच. संक्रांतीला पतंग उडविणाऱ्या कोणत्याही पोराला हे ठाऊक असते की, कठड्याच्या आसपास पतंग नुसता गोते खात राहतो आणि पुरेशी ढील मिळून तो वर चढला म्हणजेच स्थिर होतो. भिंतीवर आदळलेला वारा वर उसळतो, कठड्याच्या धारेशी छपरापासून सुटतो आणि गच्चीवर भोवरे करीत घोटाळतो. त्या भोवऱ्यांत सापडलेले चक्र वाऱ्याची दिशा शोधीत सारखे इकडून तिकडे मान वळवीत राहते, पात्यांवर उलटसुलट ताण पडतात, बेअरिंगे लवकर झिजतात आणि वीज म्हणावी तशी निघतच नाही. पाचशे फुटांच्या परिसरातील कोणत्याही अडथळ्यापेक्षा चक्राची खालची कड निदान तीस फूट उंच असावी, असा या धंद्यातील जुन्या जाणत्यांचा दंडक आहे. गच्चीवर तीस फुटी मनोरा उभारू देणारी सोसायटी कोणाच्या पाहण्यात असेल तर तिचा सत्कारच केला पाहिजे.

इंग्लंडात हा सारा प्रकार एकदा रीतसर पडताळून पाहिला गेला आहे. 2006 साली तेथील ‘बी अँड क्यू’ या दुकानसाखळीने सुमारे दीड हजार पौंडांत छपरावर पवनचक्की बसवून देण्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी विरोधी पक्षाचे तत्कालीन नेते डेव्हिड कॅमेरॉन यांनी लंडनमधील आपल्या घरावर एक चक्की चढविली, आणि छपरावर पाती फिरणे हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरू लागले. त्याच सुमारास वॉरिक येथील चाचण्यांत इमारतींवरील 26 चक्क्यांची वीज दीर्घकाळ मोजण्यात आली, आणि 2009 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. एका चक्कीमागे दिवसाला सरासरी 214 वॅट-तास वीज मिळाली होती. आपल्या घरातला साधा छताचा पंखा तेवढ्यावर तीन तासही चालणार नाही. नादुरुस्तीचे आणि बंद राहिल्याचे दिवस वगळले तरी हा आकडा 628 च्या वर जात नव्हता. एका ठिकाणची चक्की तर आपल्याच नियंत्रक यंत्रणेला लागणारी वीजदेखील भरून काढू शकत नव्हती. ज्या चक्क्या उंच इमारतींच्या माथ्यावर खरोखर जोमाने चालल्या, त्या आवाजाच्या तक्रारींमुळे बहुतेक काळ बंद ठेवाव्या लागल्या. त्याच साली त्या दुकानसाखळीने आपल्या चक्क्यांची विक्री थांबविली.

असे असूनही या यंत्राच्या घडणीत जे कौशल्य लागते त्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. लहान चक्क्या घडविणाऱ्या कार्यशाळेत बहुधा दिसणारे जनित्र म्हणजे पोलादाच्या दोन चकत्या. त्यांवर निओडिमियमची चुंबके उत्तर-दक्षिण अशी आलटून पालटून बसविलेली, आणि दोहोंच्या मधे राळेत ओतून घट्ट केलेली तांब्याची वेटोळी. स्कॉटलंडच्या स्कोरेग या आडवळणाच्या द्वीपकल्पात राहून ह्यू पिगट यांनी ही रचना जगभरच्या हौशी कारागिरांपर्यंत पोचविली. वेटोळ्यांत लोखंडाचा गाभा नसल्यामुळे चक्र अडखळत नाही आणि मंद वाऱ्यातही सुरू होते. परंतु दोन्ही चकत्या एकमेकींना इतक्या जोराने ओढतात की, वरची चकती हाताने ठेवू जाणाऱ्याच्या बोटांचा चेंदामेंदा व्हावा. म्हणून ती लांब आट्यांच्या सळ्यांवर तोलून धरतात आणि नट थोडेथोडे फिरवीत, मिलिमीटर-मिलिमीटरने खाली उतरवितात. पुढे वादळात चक्र आपोआप वाऱ्याकडे पाठ फिरवील अशी दुमडणारी शेपटी जोडायची, बॅटरी भरल्यावर उरलेली वीज कोठे जिरवायची याची तजवीज करायची, आणि निर्वात पहाटे सारे यंत्र एखाद्या मालमोटारीवर उभारून मोकळ्या सरळ रस्त्यावर ठरावीक वेगाने पळवीत नेऊन त्याची परीक्षा घ्यायची. एवढे सगळे सहा महिन्यांत उरकू शकते. भांडवल घालणाऱ्यालाही सहा महिन्यांचीच घाई असते. पण वारा आपला हिशेब वर्षाअखेरीसच देतो, आणि एका जागेच्या वाऱ्याची वर्षभराची नोंद हाती येण्यापूर्वी यंत्र बाजारात आणणे हा या धंद्यातला नेहमीचा घात आहे.

उभ्या अक्षाच्या चक्क्या दिशेचा प्रश्न सोडवितात, परंतु कमी वीज देतात. ह्यूस्टनच्या ‘एअरोमाइन’ या नवोद्योगाची युक्ती मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. भिंतीवरून उसळणारा वारा छपराच्या कडेशी जेथे वेग घेतो, नेमक्या तेथे तो स्थिर पत्रे उभे करतो आणि त्यांच्यामधल्या कमी दाबाने ओढल्या जाणाऱ्या हवेवर आतला बंदिस्त पंखा फिरवितो. 2022 मध्ये मिशिगनमधील ‘बीएएसएफ’च्या कारखान्यावर त्याचा प्रयोग झाला. मात्र त्याला लागते ती कारखान्याची रुंद, सपाट, वाऱ्याकडे तोंड केलेली इमारत.

आपल्याकडे देशातील पहिल्या पवनविद्युत् प्रकल्पांपैकी एक 1986 साली रत्नागिरीस उभा राहिला, आणि साताऱ्याच्या पठारांवरील प्रचंड चक्क्या पावसाळ्यातील नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भरात येतात. आषाढ-श्रावणात सूर्य झाकोळलेला असतो तेव्हाच वारा जोरात असतो, ही गोष्ट लहान चक्कीच्या बाजूने जाणारी आहे. कोकणच्या कड्यावरील एकाकी घर, डोंगरमाथ्यावरील शाळा किंवा वाडी, जेथे तारांचा भरवसा नाही तेथे, सौर तावदानांच्या जोडीला मनोऱ्यावरची एक चक्की मोलाची ठरेल. पुण्याच्या पेठेतल्या किंवा ठाण्याच्या दाट वस्तीतल्या गच्चीला मात्र पठाराचा वारा मिळणार नाही.

सबब, ज्यांना चक्की घ्यावयाचीच असेल त्यांनी विक्रेत्यास किलोवॅट विचारू नयेत. अमेरिकेतील पवनऊर्जा संघटनेने 2009 च्या आपल्या प्रमाणकात वर्षाकाठी मिळणाऱ्या युनिटांचा आकडा जाहीर करण्याची पद्धत घातली; तसाच आकडा, पण सेकंदाला 4 मीटर सरासरी वाऱ्याचा, लेखी मागावा आणि यंत्राची कसोटी तामिळनाडूतील कायथार येथील राष्ट्रीय केंद्रासारख्या त्रयस्थ ठिकाणी झाली आहे किंवा कसे, तेही पाहावे. त्याआधी आपल्या गच्चीवर वर्षभर वेगमापक लावावा. सरासरी 4 मीटरही भरली नाही, तर त्याच पैशांत सौर तावदाने घ्यावीत. महाराष्ट्रात त्यांच्या एका किलोवॅटला दिवसाकाठी सुमारे चार युनिटे मिळतात.