हातचे काम पूर्ण झाल्यावर

सन २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांनी प्राण गमावले. पुढचा सिंहस्थ २०१५ चा. त्याच्या तयारीच्या काळात, २०१४ मध्ये, नाशिकच्या निलय कुलकर्णी या पंधरा वर्षांच्या मुलाने पावलांच्या दाबावरून माणसे मोजणारी चटई आणि तिची संगणकप्रणाली घडविण्यास घेतली. ‘अशिओटो’ हे तिचे नाव. सिंहस्थात ती वापरली गेली आणि पुढे कोणालाही विनामूल्य वापरता यावी म्हणून खुली करण्यात आली. आमच्या त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ येतो बारा वर्षांनी. पर्वणी सरली की अशा कामाचे प्रयोजनही सरते.

आपणही निवृत्तीनंतर संगणक शिकून असे काही उभारले असेल. कुळाच्या वंशावळीची प्रणाली, सोसायटीच्या हिशेबांची. एके दिवशी शेवटची दुरुस्ती होते, सारे जतन करून बंद केले जाते. घरचे कौतुक करतात. आपणास मात्र सुटल्यासारखेही वाटते आणि रितेही. या दोन्ही भावना एकाच वेळी असू शकतात. तो आजार नव्हे. कामाबरोबर सकाळी उठण्याचे निमित्त जाते, अडलेले कोडे सोडविण्याची गोडी जाते, नातवाला शंका विचारण्यासाठी होणारा दूरध्वनीही थांबतो. उतारवयात दिनक्रम विस्कटला की झोप आणि भूकही विस्कटते. म्हणून उठण्याची, जेवणाची व फिरण्याची वेळ तेवढी सोडू नये.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. ‘आता आराम करा’ हा सल्ला अशा वेळी फारसा कामाचा नाही. (आम्ही डॉक्टरही तो फार सढळपणे देतो.) त्यापेक्षा ‘बाबा, हे कसे चालते ते मला दाखवा’ असे म्हणून शेजारी बसावे.

येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या आपण पाहिल्या असतील. यजमान पूर्वजांची नावे वाचतो, खाली आपले लिहितो आणि वही पुन्हा दप्तरात जाते, पुढच्या पिढीला उघडता येईल अशी. आपले कामही तसेच ठेवावे. दोन प्रती कराव्यात, एक दुसऱ्या घरी. हे काय आहे व कसे उघडावे, हे साध्या मराठीत कागदावर लिहावे. परवलीचा शब्द विश्वासातील एका व्यक्तीस ठाऊक असावा.

हुरहुर बहुधा हळूहळू ओसरते. परंतु दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास राहिले, पहाटेच जाग येऊ लागली, अन्नावरची वासना उडाली, तर डॉक्टरांना भेटावे. नैराश्याखेरीज थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही अशी लक्षणे दाखविते. रक्ततपासणीत ते कळते. झोपेची गोळी मनाने घेऊ नये. ‘जगून काय करायचे’ असे शब्द कानी पडले, तर दोन आठवडे थांबू नये. माणसाला एकटे ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही उपलब्ध असते.