‘पाणी गेले’ : कर्ता आणि कायदा

पुणे–लोणावळा लोहमार्गावरील घोरावाडी स्थानकाच्या परिसरात काय किंवा अन्यत्र काय, ‘पाणी गेले’, ‘वीज गेली’ ही वाक्ये भाडेकरूच्या तोंडी नित्याचीच. व्याकरणदृष्ट्या येथे पाणी हाच कर्ता. ते घालविणारा वाक्याबाहेर राहतो. खोली रिकामी करून घेण्यासाठी मालकाने नळाची चावी फिरविली असली, तरी वाक्य बदलत नाही, आणि हेच मालकाच्या पथ्यावर पडते. ‘वीज तोडली’ म्हटल्यानेही फारसे साधत नाही, कारण कर्मणी प्रयोगात कर्ता अध्याहृत ठेवता येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ जेथे लागू आहे तेथे त्याचे २९ वे कलम न्याय्य वा पुरेशा कारणावाचून पाणी, वीज, जिन्यावरील दिवे, सफाई इत्यादी अत्यावश्यक सेवा तोडण्यास किंवा रोखून धरण्यास मनाई करते. ह्या कलमाचे स्पष्टीकरण भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावे. मालकाच्या कृतीमुळे अथवा अकृतीमुळे स्थानिक प्राधिकरणाने पुरवठा तोडला, तरी तो मालकाने रोखला असेच धरले जाते. म्हणजे देयक थकवून स्वस्थ बसणारा मालकही कर्ताच ठरतो! (वैयाकरणांना हे सहसा मानवणार नाही.)

भाडेकरूच्या अर्जावरून न्यायालय पुरवठा पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते. तो मुदतीत न पाळल्यास दररोज १०० रुपयांपर्यंत दंड आहे. अर्जात मात्र ‘पाणी गेले’ एवढेच लिहून भागत नाही. कोणी, केव्हा, काय केले किंवा करावयाचे टाळले, हे लिहावे लागते. भाड्याची पावती जवळ असल्यास उत्तम. ती देणे २६ व्या कलमान्वये मालकावर बंधनकारकच आहे.