पारदर्शक पेशी दाखवणारा माणूस

जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकातून बघणं ही पूर्वी मोठी पंचाईत होती. पेशी जवळपास पारदर्शक. ती नीट दिसावी म्हणून रंग द्यायचा, तर बहुतेक वेळा ती मरायची. म्हणजे बघायचं होतं जगणं आणि हाती लागायचं मरण!

हा तिढा सोडवला तो जीवशास्त्रज्ञानं नव्हे, तर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या एका भौतिकशास्त्रज्ञानं. त्यांचं नाव फ्रिट्स झर्निके. पेशीतून जाणारा प्रकाश किंचित मागे पडतो, पण आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. झर्निके यांनी सूक्ष्मदर्शकात एक खास काच बसवली. तिच्यामुळे हा न दिसणारा फरक उजेड आणि सावलीत बदलला आणि रंग न लावताच पेशी उठून दिसायला लागली. हेच ‘फेज कॉन्ट्रास्ट’ तंत्र.

१९३२ मध्ये ते ही कल्पना घेऊन जर्मनीत येना इथल्या प्रसिद्ध झाईस कंपनीत गेले. तिथे काय झालं? याचा उपयोग असता तर आम्हीच केव्हाच शोधलं असतं, असं त्यांना सुनावण्यात आलं! पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच जर्मनीत हे सूक्ष्मदर्शक बनायला लागले. १९५३ मध्ये झर्निके यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आज पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांत हे तंत्र रोजच्या वापरात आहे. तेव्हा तुमची एखादी कल्पना कुणी जाणकारानं उडवून लावली, तर लगेच हिरमुसू नका. आधी ती पुन्हा एकदा तपासून बघा.