रिकाम्या खोल्यांनी शिकवलेला हिशेब

मुंबईत १८९६ साली प्लेग पसरला आणि लोक जीव मुठीत धरून शहर सोडू लागले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १६ डिसेंबर १९०३ रोजी, जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावर 'ताजमहाल' हॉटेल सुरू केलं. पहिल्या महायुद्धात याच वास्तूत ६०० खाटांचं रुग्णालय होतं, तर २००८मध्ये तिने दहशतवादी हल्ला सोसला. संकटं या संस्थेला नवी नव्हती. तरी कोविडच्या साथीतला मार्च २०२०चा लॉकडाऊन वेगळा ठरला, कारण इमारत शाबूत होती, माणसं कामाला तयार होती, फक्त पाहुणा येऊ शकत नव्हता. आलिशान हॉटेल नेमकं कशावर चालतं, हा प्रश्न इतक्या उघडपणे याआधी कधी पुढे आला नव्हता.

हॉटेलची खोली हा फार नाशवंत माल आहे. आज रात्री रिकामी राहिली, की त्या रात्रीचं उत्पन्न कायमचं गेलं. पगार, वीज, देखभाल आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. 'ताज'ची मालक असलेल्या इंडियन हॉटेल्स कंपनीचा व्यवसाय २०१९-२०मध्ये सुमारे ४,४०० कोटी रुपयांचा होता. पुढच्याच वर्षी तो १,६०० कोटींच्याही खाली आला आणि तोटा ७०० कोटींवर गेला. यातून व्यवस्थापनाने घेतलेला पहिला धडा असा, की उत्पन्न एकाच दारातून येता कामा नये. २०२०च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या काही हॉटेलांच्या खोल्या डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी खुल्या झाल्या. त्याच वर्षाच्या मध्यावर 'क्यूमिन' ही घरपोच सेवा सुरू झाली आणि 'गोल्डन ड्रॅगन'सारख्या उपाहारगृहांतले पदार्थ मुंबईकरांच्या घरी पोहोचू लागले. खोल्या बंद असतानाही किचन कमाई करू शकतं, हे त्यातून दिसलं. दुसऱ्याच्या मालकीची हॉटेलं करारावर चालवायला घेण्याचं धोरण आधीपासून होतं; साथीनंतर त्यावर अधिक भर आला. जागेत कमी भांडवल अडकलं, तर पुढचा फटका तेवढा कमी बसेल, हा त्यामागचा विचार.

दुसरा बदल सेवेच्या पद्धतीत झाला. मोबाइलवरून चेक-इन, क्यूआर कोडवर मेनू, स्पर्शाविना बिल भरणं हे सगळं संसर्ग टाळण्यासाठी आलं. एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पृष्ठभागावरून संसर्ग होण्याचा धोका सामान्यतः दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं स्पष्ट केलं. म्हणजे दाराच्या मुठी पुन्हापुन्हा पुसण्यापेक्षा हवा खेळती ठेवणं अधिक महत्त्वाचं होतं. मग साथीत आलेल्या कोणत्या गोष्टी टिकवायच्या? माझ्या मते कसोटी एकच असावी: या बदलामुळे कर्मचाऱ्याचा वाचलेला वेळ पाहुण्याकडे जातो का? ओळखपत्राच्या प्रती आणि काउंटरवरची रांग यांना यंत्राने सुट्टी दिली, तर चांगलंच. पण पदार्थाबद्दल बोलायला टेबलापाशी कोणी येतच नसेल, तर पाहुणा जादा पैसे ज्यासाठी मोजतो, तेच आपण काढून घेतलेलं असतं. हिल्टनने २०२१मध्ये अमेरिकेतल्या बहुतेक हॉटेलांत रोजची साफसफाई मागणीनुसार केली, पण आपल्या आलिशान श्रेणीला त्यातून वगळलं. काटकसरीची मर्यादा कुठे येते, हे त्या निर्णयातच दिसतं.

यावर आक्षेप येईल, की हॉटेलं सावरली ती व्यवस्थापनामुळे नव्हे, मागणीच्या लाटेमुळे. घरात कोंडलेले लोक प्रवासाला निघाले, लांबलेली लग्नं पार पडली, नव्या खोल्या मात्र तेवढ्या वाढल्या नाहीत, त्यामुळे दर चढले. हे खरंच आहे. २०२२-२३मध्ये इंडियन हॉटेल्सचा नफा १,००० कोटींवर गेला, त्यात या लाटेचा वाटा मोठा होता. पण लाट येईपर्यंत तग धरण्यासाठी खर्चाची शिस्त लागतेच. शिवाय दर चढे असतानाच सुधारणा करायच्या असतात, कारण मंदीत त्यासाठी हाती पैसा नसतो. २०२१च्या जूनमध्ये मुंबईतल्या 'हयात रीजन्सी'ला पगारापुरते पैसे नाहीत म्हणून कामकाज थांबवावं लागलं होतं. मागणी परतली, तरी तोवर टिकून राहणं प्रत्येकाला जमत नाही.

याहून गंभीर प्रश्न माणसांचा आहे. एकाच कर्मचाऱ्याला रिसेप्शन आणि रेस्टॉरंट अशी दोन्ही कामं शिकवली, की मनुष्यबळ कमी लागतं आणि ताळेबंद सुधारतो. शिकवण्याला माझा विरोध नाही. दोन कामं येणाऱ्या माणसाला बढतीची वाटही मोकळी होते, पण तिच्या जोडीला पगार वाढायला हवा. अन्यथा बहुकौशल्याच्या नावाखाली एका पगारात दोघांचं काम करून घेतलं जातं आणि अनुभवी माणूस दुसरं क्षेत्र शोधतो. साथीच्या काळात असे कितीतरी लोक हॉटेलं सोडून गेले. पाहुण्याची आवड लक्षात ठेवणारा वाढपी काही आठवड्यांच्या प्रशिक्षणाने तयार होत नाही. कंपनीने टाटा समूहाच्या मदतीने २०३०पर्यंत एक लाख तरुणांना कौशल्यं शिकवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते स्वागतार्ह आहे, पण शिकलेली माणसं टिकवणं हा त्याचा दुसरा, अधिक अवघड भाग आहे. म्हणूनच हॉटेलांनी आपत्तीसाठी निधी राखून ठेवावा आणि त्यातला पहिला हिस्सा पगारांसाठी असावा. पुढच्या साथीत इमारत आपोआप टिकेल. सेवा टिकायची, तर ती देणारी माणसं टिकवावी लागतील.