उजेडाने वाचायची पोथी

दिवाळीत आपण दारावर आकाशकंदील लावतो. दिवा आत आणि रंगांची शोभा बाहेरच्यांसाठी! फ्रान्समधील शार्त्र या गावी जे कॅथलिक कॅथेड्रल आहे, तेथील खिडक्यांचा प्रकार नेमका उलटा. तेथे दिवा बाहेर, म्हणजे प्रत्यक्ष सूर्यनारायण, आणि शोभा आत. रस्त्यावरून पाहावे तर काचा काळपट, मळकट दिसतात. आत पाऊल टाकावे, तो त्याच काचा माणकांसारख्या, नीलमण्यांसारख्या झळाळत असतात.

११९४ साली जुन्या मंदिराचा बहुतेक भाग आगीत जळाला. वाचलेल्या थोड्या काचांत बाळ येशूला मांडीवर घेतलेली, निळ्या वस्त्रातली मेरीमाता होती. तिला नव्या मंदिरातील खिडकीत सन्मानाने बसवले. पुढच्या चार-पाच दशकांत तेथे दीडशेहून अधिक रंगीत खिडक्या झाल्या.

या काचांना वरून रंग फासलेला नाही. काच वितळवतानाच तीत धातूंची भस्मे मिसळीत. कोबाल्टने निळा रंग येई, तांब्याने लाल. मग तुकडे कापून ते शिशाच्या पट्ट्यांनी सांधीत. डोळे, बोटे, वस्त्रांच्या चुण्या एवढेच काय ते काळसर रंगाने रेखून भट्टीत पक्के करीत.

एवढा खटाटोप कशासाठी? ज्यांना अक्षरओळख नाही, त्यांनाही धर्मकथा कळाव्यात म्हणून. आपल्या कोकणात पिंगुळीचे चित्रकथी चित्रे दाखवून रामायण सांगतात, तशातलाच हा प्रकार. मात्र ही पोथी बहुधा खालून वर वाचायची.

एका खिडकीच्या तळाशी पाहा. तेथे संत नाहीत की राजे नाहीत. जोडे शिवणारे कारागीर आपल्या कामात गढलेले आहेत. त्यांच्या वर येशूने सांगितलेली गोष्ट आहे. चोरांनी लुटून अर्धमेला केलेला एक वाटसरू रस्त्यात पडलेला असतो. याजक त्याला पाहून पुढे जातो, मंदिराचा सेवकही तसाच जातो. थांबतो तो एक शोमरोनी. यहुदी लोक ज्यांच्याशी फटकून वागत, त्या जमातीचा! तोच जखमा बांधतो आणि त्याला धर्मशाळेत नेतो. त्याही वर आदाम आणि हव्वा यांच्या पतनाची कथा आहे. जखमी वाटसरू म्हणजे पतित मानवजात आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, हा अर्थ काचांच्या या मांडणीतूनच उमगतो.

विसाव्या शतकात या पोथीवर दोनदा संकट आले. १९१८ मध्ये आणि पुन्हा १९३९ मध्ये, बाँबच्या भीतीने, या नाजूक खिडक्या उतरवून सुरक्षित ठेवाव्या लागल्या. युद्धे संपल्यावर त्या परत आपापल्या जागी बसवल्या. म्हणूनच सकाळी ऊन चढले की ते जोडे शिवणारे आजही आपल्या कामाला लागलेले दिसतात, आणि तो परका माणूस वाटसरूपाशी थांबलेला दिसतो.